डिसेंबरची एन-३ आणि मराठी माणसाचा हिशोब

जपानीच्या परीक्षेचं वेळापत्रक आखून द्या म्हणून कुणी आलं, की मी आधी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवायला लावतो. गणपतीचे दिवस, दिवाळीचा आठवडा, घरातली लग्नं, ऑफिसातली रिलीजची तारीख, सगळ्यांवर काट मारायची. उरतील ते दिवस आपले. इंटरनेटवर 'सहा महिन्यांत एन-३' (एन-३ ही त्या परीक्षेची मधली पातळी) अशी तयार वेळापत्रकं ढिगाने मिळतात, पण ती बहुतेक मातृभाषाच इंग्रजी असलेल्या माणसासाठी बेतलेली असतात. त्याची दुखणी वेगळी, आपली वेगळी. त्याचं डोकं व्याकरणापाशी दुखतं. आपल्याला व्याकरण स्वस्तात मिळतं आणि दुसरीकडे भुर्दंड बसतो. हा फरक ओळखून तास वाटले तर सहा महिने पुरतात.

आधी परीक्षा म्हणजे काय ते थोडक्यात. जपानी भाषा प्राविण्य परीक्षा, म्हणजे जेएलपीटी, १९८४ साली सुरू झाली. जपान फाउंडेशन आणि जपानमधली एक शैक्षणिक संस्था मिळून ती घेतात. जुलैतला पहिला रविवार आणि डिसेंबरमधला पहिला रविवार हे तिचे ठरलेले दिवस. पाच पातळ्या आहेत. एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड. बोलायचं काही नाही, लिहायचंही काही नाही. सगळे प्रश्न पर्यायी, पेन्सिलीने गोळे काळे करायचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे गोळा रिकामा ठेवणं हा शुद्ध वेडेपणा.

२००९ पर्यंत पातळ्या चारच होत्या, आणि तेव्हा कुठल्या पातळीला काय यायला हवं हे अधिकृतपणे सांगितलेलं असे. चौथीला सुमारे १०० कान्जी (जपानीत वापरतात ती चिनी चित्राक्षरं), ८०० शब्द आणि १५० तासांचा अभ्यास. तिसरीला ३०० कान्जी, १५०० शब्द, ३०० तास. दुसरीला एकदम १००० कान्जी, ६००० शब्द, ६०० तास. पहिलीला २००० कान्जी, १०,००० शब्द, ९०० तास. तिसरी आणि दुसरीमधली ही दरी पाहा. लोक तिथेच वर्षानुवर्षं अडकायचे. म्हणून २०१० साली परीक्षा नव्याने बांधताना मधे एक पायरी घातली, ती एन-३. तेव्हापासून शब्दांच्या अधिकृत याद्या जाहीर होत नाहीत. आज एन-३ साठी साडेसहाशे कान्जी आणि साडेतीन-पावणेचार हजार शब्द असे जे आकडे सांगितले जातात, ते पुस्तकं काढणाऱ्यांचे अंदाज आहेत. पण अंदाज कामचलाऊ आहेत आणि आपल्याला हिशोबाला तेवढे पुरतात.

इथे मी एन-३ धरून चाललोय. एन-५ आणि एन-४ क्लासच्या रेट्याने होऊन जातात. पुण्यातल्या क्लासमध्ये वापरतात तसलं पन्नास धड्यांचं पुस्तक नीट संपवलं की एन-४ पर्यंतची मजल गाठलेली असते. एन-३ला पहिल्यांदा असं होतं की पुस्तक संपलं तरी परीक्षा सुटत नाही.

तर तास. समजा जून उजाडलाय, एन-४ झालेली आहे, नोकरी आहे. रोज एक तास, शनिवार-रविवार अडीच-अडीच तास. आठवड्याचे दहा. जून ते डिसेंबरचा पहिला रविवार हे साधारण २६ आठवडे, म्हणजे कागदावर २६० तास. आता काट मारा. गणपतीत दीड आठवडा गेला. दिवाळीत एक. ऑफिसच्या गडबडीत एक. ताप, पाहुणे, मावसभावाचं लग्न मिळून दीड. पाच आठवडे गेले, २१० तास राहिले. जुन्या हिशोबाने तिसरी ते दुसरी हे अंतर ३०० तासांचं, एन-३ त्याच्या अधेमधे, म्हणजे दीडशे तास तरी हवेतच, आणि ते वर्गातले धरलेले असणार, घरची उजळणी वेगळी. २१० तासांत जमतं, पण काठावर. आठवड्याला पाचच तास निघत असतील तर डिसेंबरचा हट्ट सोडून पुढच्या जुलैवर डोळा ठेवावा. परीक्षेची फी काही फार स्वस्त नाही.

गुण कुठे दडलेत

हे तास कुठे घालायचे, हे ठरवण्याआधी गुणांची गंमत समजून घ्यायला हवी. एकूण गुण १८०. तीन विभाग, प्रत्येकी ६०: शब्द आणि व्याकरण मिळून एक, वाचन (दोक्काइ) दुसरा, ऐकणं (चोकाइ) तिसरा. एन-३ पास व्हायला १८० पैकी ९५ हवेत. पण त्याच वेळी प्रत्येक विभागात किमान १९ हवेत. समजा एखाद्याला शब्द-व्याकरणात ४५, वाचनात ५० आणि चोकाइत १८ मिळाले. बेरीज ११३. पास व्हायला लागतात त्याहून १८ जास्त. तरीही नापास, एका गुणाने.

आता प्रश्न मोजा. नव्या रचनेत एन-३ला शब्द आणि कान्जीचे साधारण ३५ प्रश्न असतात, व्याकरणाचे २३. दोन्ही मिळून ५८ प्रश्नांचे ६० गुण. वाचनाचे प्रश्न मात्र साधारण १६, आणि त्यांचेही ६० गुण. चोकाइचे २८ प्रश्न, ६० गुण. निकालातले गुण थेट बेरजेचे नसतात. कुठल्या वर्षीची प्रश्नपत्रिका किती अवघड होती ते पाहून संख्याशास्त्राने एका मापावर आणलेले असतात. त्यामुळे एक बरोबर उत्तर म्हणजे अमुक गुण असं सांगता येत नाही. पण ढोबळ मानाने वाचनातला एक प्रश्न शब्दांच्या एका प्रश्नाच्या साडेतीनपट जड पडतो, हे उघड आहे. आणि बहुतेक जण काय करतात? पाच महिने शब्द नि व्याकरण घोकतात, आणि वाचन 'शेवटच्या महिन्यात बघू' म्हणून ठेवतात.

त्यात वेळेची फसगत आहे. पहिल्या पेपरात शब्दांना ३० मिनिटं. दुसऱ्यात व्याकरण आणि वाचन एकत्र, ७० मिनिटं. तिसरा चोकाइचा, ४० मिनिटं. या दुसऱ्या पेपरात व्याकरण आधी येतं. माणूस तिथे 'हे का ते' करत चाळीस मिनिटं घालवतो, आणि मग सगळे उतारे अर्ध्या तासात धावत वाचतो. व्याकरणाला २० मिनिटं, त्यापुढे एक मिनिट नाही, अशी सवय घरीच लावून घ्यायला हवी. उरलेली ५० वाचनाची, त्यातली शेवटची पाच गोळे तपासायला.

मराठी कुठे कामी येते

आता आपल्या बाजूची गोष्ट. जपानी वाक्यात कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. शब्दांना मागून प्रत्यय. इंग्रजी बोलणाऱ्याला याची सवय व्हायला महिने जातात, आपल्याला यात सांगण्यासारखंही काही वाटत नाही. पण साम्य इतक्यावर थांबत नाही.

'ताबेते मिरु' घ्या. ताबेरु म्हणजे खाणे, मिरु म्हणजे पाहणे. ताबेते मिरु म्हणजे खाऊन पाहणे. अगदी तोच 'पाहणे', तोच अर्थ, डोळ्यांचा काही संबंध नाही. 'कात्ते ओकु': कात्ते म्हणजे विकत घेऊन, ओकु म्हणजे ठेवणे. घेऊन ठेवणे, पुढे लागेल म्हणून. 'वासुरेते शिमात्ता' म्हणजे विसरून बसलो, तीच चुटपूट लागलेली. 'किनोउ कात्ता होन' म्हणजे काल घेतलेलं पुस्तक. इंग्रजीत या तीन शब्दांसाठी वाक्य उलटं फिरवावं लागतं, मराठीत शब्द जागचे हलत नाहीत. पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे या जोड्या तिथेही आहेत: ओचिरु-ओतोसु, वारेरु-वारु.

आणि माझी सगळ्यात आवडती जोडी. 'आमे गा फुरु सोउ दा' आणि 'आमे गा फुरिसोउ दा'. कानाला एका स्वराचा फरक. इंग्रजी पुस्तकात यावर अर्धं पान खर्ची पडतं आणि तरी विद्यार्थी परीक्षेत गडबडतो. मराठीत पहिलं वाक्य म्हणजे 'पाऊस पडणार आहे म्हणे' आणि दुसरं 'पाऊस पडेलसं दिसतंय'. 'म्हणे' हा शब्द ज्या भाषेत आहे, तिच्या माणसाला यात समजावण्यासारखं काय उरतं!

गंमत अशी की आपण हे सगळं इंग्रजीतून शिकतो. पुस्तक इंग्रजी, ॲप इंग्रजी, वहीत अर्थ लिहायचा तोही इंग्रजीत. म्हणजे पुण्याहून सोलापूरला जाताना मुंबईला वळसा. एन-३च्या व्याकरणाच्या शंभर-सव्वाशे रचना असतात. वहीत प्रत्येकीपुढे एक मराठी वाक्य लिहा, आपल्या तोंडातलं, पुस्तकी नको. 'हाझु दा' पुढे 'एव्हाना पोचायला हवा होता तो'. दोन महिन्यांत व्याकरण आटोपतं. प्रश्नपत्रिकेत चार विस्कटलेले तुकडे जुळवून ताऱ्याच्या जागी कुठला येईल ते ओळखायचा एक प्रकार असतो. तो आपण मनात मराठी वाक्य बांधून सोडवू शकतो. क्रियापद शेवटी, विशेषण नामाआधी, 'असं' म्हणण्याआधी म्हटलेलं वाक्य.

कुठे आपल्याला मराठीचा काडीचाही उपयोग नाही? कान्जीची चित्रं लक्षात ठेवण्यात. तिथे चिनी मुलं आपल्या फार पुढे असतात. पण एका कान्जीचे दोन-दोन उच्चार का, हे मात्र मराठीतून लख्ख कळतं. चिनी लिपी जपानने घेतली, तिच्यासोबत चिनी उच्चारही आले, आणि घरचे जपानी शब्द होतेच. मग एकाच चिन्हाला दोन्ही चिकटले. आपल्याकडे 'पाणी' आणि 'जल' आहेत तसे. एकटं असताना आपण पाणी म्हणतो, 'एक ग्लास जल द्या' कुणी म्हणत नाही. पण जोडशब्दात जलतरण, जलाशय, जलमार्ग. कल्पना करा की आपण दोन्हीकडे एकच चिन्ह काढतो, सुटं असलं की 'पाणी' वाचतो आणि जोडशब्दात 'जल'. पाण्याच्या कान्जीचं नेमकं हेच होतं. सुटं असलं की 'मिझु', आणि जलतरण म्हणायचं तर 'सुइएइ'. हाताचं कान्जी सुटं 'ते', पण हस्तांदोलनात 'आकुश्यु', म्हणजे 'श्यु'. आणि जसा 'हातमाग' हा जोडशब्द असूनही घरच्या 'हाता'नेच बनतो, तसं पत्राला 'तेगामी' म्हणतात, तिथे 'ते'च. अपवाद आहेत, ढीगभर आहेत. रविवार, 'निचियोउबी', यात सूर्याचं एकच चिन्ह दोनदा येतं, पहिल्यांदा 'निचि', शेवटी 'बी'. म्हणून सुटी कान्जी पाठ करू नका. शब्द पाठ करा, कान्जी त्यातून आपोआप येतं.

जाता जाता, जपानीत पावाला 'पान' म्हणतात. आपला पाव आणि त्यांचा पान, दोघेही पोर्तुगीजांच्याच भट्टीतले.

रोजची कार्डं

शब्दांचं गणित असं. एन-४ ला दीड हजार शब्द येतात असं धरलं, तर एन-३ पर्यंत आणखी बावीसशे हवेत. शेवटचे तीन आठवडे नवीन शब्द बंद ठेवायचे. मधले सण वगळले तर दीडशे दिवस हातात राहतात. रोज १५ शब्द. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण प्रत्येक शब्द पक्का व्हायला वाढत्या अंतराने सात-आठ वेळा समोर यावा लागतो: दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग दहा, मग महिन्याने. १५ गुणिले आठ, म्हणजे दोन महिन्यांनंतर रोज शंभर-सव्वाशे कार्डं (पुढे शब्द, मागे अर्थ) समोर येतात. त्याला २०-२५ मिनिटं. फोनवरच्या कार्डांच्या ॲपमध्ये हे आपोआप होतं, जुन्या पद्धतीने चिठ्ठ्या आणि चार डबे घेऊनही होतं.

गोची अशी की कार्डं कुणासाठी थांबत नाहीत. गणपतीत चार दिवस हात लावला नाही, तर पाचव्या दिवशी साडेचारशे-पाचशे कार्डं वाट बघत असतात. माणूस आकडा बघूनच फोन ठेवतो, आणि मग तो फोन महिनाभर तसाच. अभ्यास सुटतो तो बहुतेक असा. त्यावर उपाय, सणाच्या तीन-चार दिवस आधी नवीन शब्द बंद करायचे. मग कार्डांचा ढीग आपोआप आटतो. आणि मोदकांच्या दिवशीही फक्त जुनी कार्डं उरकायची, आरतीआधी वीस मिनिटं. बाकी काही करू नका त्या दिवसांत. पुस्तक सोबत गावाला नेऊच नका, ते तसंच परत येतं आणि उगाच अपराधी वाटतं.

एरवीचा तास असा वाटता येतो: पंचवीस मिनिटं कार्डं, वीस मिनिटं व्याकरण, पंधरा मिनिटं एक छोटा उतारा. उतारा पहिल्या दिवसापासून, जूनपासूनच, अर्धा कळला तरी. ऑगस्टमध्ये व्याकरण संपलं की त्याची वीस मिनिटं वाचनाला जोडायची. गणपती ते दिवाळी हा मधला पट्टा खरं काम होण्याचा. पाऊस ओसरलेला, लग्नं नाहीत. शनिवारी-रविवारी मोठे उतारे घड्याळ लावून. उताऱ्यातला प्रत्येक शब्द शोधत बसायचं नाही. आधी प्रश्न वाचा, मग उतारा, आणि 'शिकाशि', 'देमो', 'त्सुमारि' म्हणजे 'पण' आणि 'म्हणजेच' या अर्थाचे शब्द आले की तिथे पेन्सिलीने खूण करा. लेखकाचं म्हणणं बहुतेक वेळा त्यांच्या मागेच दडलेलं असतं.

चोकाइला वेगळा वेळ काढायची गरज नाही, बसमध्ये नाहीतर लोकलमध्ये होते. पण नुसतं कानात वाजत ठेवणं म्हणजे ऐकणं नव्हे. दोन मिनिटांचा एक संवाद घ्या, आठवडाभर तोच. एकदा नुसता ऐका, मग लिखित संवाद वाचा, मग वक्त्याच्या मागोमाग पुटपुटा. मराठी कानाला जोडाक्षरं उत्तम कळतात, पक्का आणि पका आपण चुकत नाही. पण दीर्घ 'ओ' आपल्याकडे वेगळा नसतो, आणि बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ 'इ' आपण सोयीने घेतो. तिथे मार बसतो. 'योक्का' म्हणजे चार तारीख, 'योउका' म्हणजे आठ तारीख. 'बिरु' म्हणजे इमारत, 'बीरु' म्हणजे बिअर. मी स्वतः एका सराव परीक्षेत एका बाईंना चार तारखेला दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं, त्यांची वेळ आठ तारखेची होती.

पेपरात ध्वनिफीत एकदाच वाजते. पहिल्या प्रकारात प्रश्न आधी सांगतात, पर्याय छापलेले असतात. 'हा माणूस आधी काय करेल?' मग संवादात तो चार कामं मोजतो, आणि शेवटून दुसऱ्या वाक्यात साहेब म्हणतात, 'ते राहू दे, आधी फोन कर.' उत्तर फोन. तिसऱ्या प्रकारात प्रश्न शेवटीच कळतो, म्हणून ऐकताना 'हा माणूस एकंदर काय म्हणतोय' एवढंच धरून ठेवायचं. शेवटचा प्रकार झटपट उत्तरांचा, तिथे कागदावर काहीच छापलेलं नसतं. एक सुटला की सोडून द्यायचा, नाहीतर पुढचे दोन जातात. ऑक्टोबरपासून सराव हेडफोनशिवाय करा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्पीकर ठेवून, वर पंखा चालू ठेवून. परीक्षा कुठल्यातरी कॉलेजच्या वर्गातच होते.

दिवाळी परीक्षेच्या तीन ते सात आठवडे आधी येते. भाऊबीज झाली की नवीन काही शिकायचं नाही. अधिकृत संकेतस्थळावर नमुना प्रश्नपत्रिका ध्वनिफितींसह मोफत आहेत. त्यातली एक सप्टेंबरच्या सुरुवातीला सोडवा, म्हणजे कुठला विभाग १९च्या आसपास घुटमळतोय ते कळेल आणि दुरुस्तीला वेळ मिळेल. उरलेल्या नोव्हेंबरच्या रविवारांसाठी राखून ठेवा, सलग, मधे चहा न घेता. आधीच सगळ्या उडवून टाकल्या तर शेवटी स्वतःला मोजायला काही उरत नाही.

अर्जाचं विसरू नका. डिसेंबरच्या परीक्षेचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतात, तारखा दर वर्षी बदलतात, आणि मोठ्या केंद्रांवरच्या जागा लवकर भरतात. परीक्षेला काट्यांचं साधं घड्याळ न्या, स्मार्टवॉच चालत नाही. फोन पूर्ण बंद. पेपर चालू असताना वाजला तर उठवून बाहेर काढतात.

निकाल जानेवारीच्या अखेरीस येतो. तोवर दीड-दोन महिने असतात, आणि कार्डांचं ॲप बहुतेक जण परीक्षेच्या संध्याकाळीच उडवतात. ते तेवढं ठेवा, रोजची वीस मिनिटं. नापास झालात तर जुलै पाच महिन्यांवर असतो, आणि पास झालात तर एन-२ तुमचे हेच बावीसशे शब्द येतात असं धरून पहिला प्रश्न विचारते.